ओ देऊ नका

१

पावाच्या कारखान्यात माझी पाळी पहाटे सुरू होते आणि दुपारच्या जेवणाला मी घरी असतो. थंड शेवया, वर जवाचा गार चहा, की चटईवर आडवा. डोळा लागायच्या बेतात असताना छतावरून यायचं, पिप, पिप, पीऽ. तिसरा सूर जरा वर चढणारा, बाळानं हात वर करून 'घे' म्हणावं तसा. लगेच सपाता. पट पट पट पट, स्वयंपाकघराच्या दिशेनं. मग शांत. मी कुशीवर वळतोय तोवर पुन्हा पिप, पिप, पीऽ, आणि पुन्हा पट पट पट.

वर कुझुमीबाई राहायच्या. आमची इमारत नंबर चार, साकाईजवळच्या वसाहतीतली. त्यांचा मजला शेवटचा. त्यांच्या वर फक्त पाण्याची टाकी आणि कावळे.

आवाज कागोजूंचा. कागो म्हणजे पिंजरा. मुठीत मावेल एवढं ते खेळणं, पुढे दोन गज आणि गजांमागे ठिपक्याठिपक्यांचा एक राक्षस. त्याला भूक लागते, तो घाण करतो, झोप आली की दिवा मालवायला लावतो. काही हवं असलं की दिवा लुकलुकतो आणि ते तीन सूर. दिवा विझायच्या आत बटण दाबलं तर ठीक. नाही दाबलं तर ती एक चूक. रविवारी सकाळी टीव्हीवर त्याचंच कार्टून, त्याचेच पत्ते, भातावर भुरभुरायच्या पुडीच्या पाकिटावरही तोच दात विचकून बसलेला. शाळेत न्यायला बंदी. म्हणून पोरं शाळेत गेली की कागोजू आयांच्या गळ्यात, आणि आयांना कामं. शेवटी सगळ्या इमारतीचे कागोजू कुझुमीबाईंकडे जायला लागले. त्यांनी स्वयंपाकघरात कपडे वाळत घालायची दांडी वर टांगली होती, तिला दोऱ्यांनी सगळे ओळीनं लटकवायच्या. मूलबाळ नाही, नवरा गेलेला. एकाचीही हाक वाया जाऊ द्यायच्या नाहीत.

माझी बायको यासुए आल्यागेल्याला चहाबरोबर एक सूचना देते. "ह्यांच्या बोलण्यातलं अर्धं जाताना इथेच ठेवून जा." वसाहतीतली पोरं मला तोंडावर थापाडे काका म्हणतात. तेव्हा तुम्हीही हवं ते गाळा. फक्त आवाज गाळू नका. थापा मी आयुष्यभर मारल्या, पण आवाज कधी बनवलेला नाही.

२

जूनमध्ये माझी लेक चिनात्सु हरून आली. दहा वर्षांची, हाडकुळी, आणि हरायची बिलकूल सवय नाही. दोन कागोजूंच्या कडेचे पितळी दात एकमेकांत अडकवले की आतले राक्षस भांडतात. आमच्या इमारतीतले सगळेच्या सगळे सात नंबर इमारतीतल्या तोकुनागाकडून हरले होते.

"त्याचा कसा आहे माहितीये? मगरीसारखा," ती म्हणाली. "आणि आमचे बघा. सगळे गोल. सगळे हसरे. माझ्याला पापण्या आहेत, बाबा."

"पापण्या छान असतात."

"भांडणात?"

तिनं मला पोरांचं मासिक दाखवलं. राक्षस मोठा होताना कोणतं रूप घेणार, ते चुकांवर ठरतं. चुका नाहीत तर गोल आणि हसरा. थोड्या चुका झाल्या तर दात. खूप झाल्या तर मरतो. पण मरायच्या अगदी अलीकडे कुठेतरी एक रूप आहे, सगळ्यांत बलाढ्य, आणि मासिकात त्याचं चित्रच नव्हतं. चौकटीत नुसती काळी आकृती आणि प्रश्नचिन्ह.

"कुझुमी काकूंना सांगा ना," ती म्हणाली. "जरा कमी धावा म्हणावं."

मी वर जाऊन सांगितलं. कुझुमीबाई दारातच उभ्या, एप्रनला हात पुसत. आधी त्या हसल्या, म्हणजे थापाड्याची नवी थाप समजून. मग त्यांचा चेहरा उतरला.

"ओरितोसान, हाक आली आणि मी बसून राहायचं?"

"खेळणं आहे हो ते."

"ते मलाही कळतं. पण माझे पाय उठतात त्याला काय करू?" तेवढ्यात आतून पिप, पिप, पीऽ. अर्धवट वाकून माफी मागत त्या गेल्यासुद्धा. पट पट पट.

रात्री जेवताना चिनात्सु फुगून बसली होती. तिला हसवायला मी नेहमीचा उद्योग केला. म्हटलं, माझे एक काका होते, नदीवर पाणकावळे पाळायचे. मासे पकडायला, गळ्यात दोरी बांधून. एका पक्ष्याला त्यांनी ठरवून उपाशी ठेवला. तो हाका मारायचा, काका ओ द्यायचे नाहीत. हिवाळाभर असंच चाललं. वसंतात एके सकाळी पक्ष्यानं हाका मारणं बंद केलं.

"मेला?"

"छे. त्याला गरजच उरली नाही. दोरी तोडून आपणच घरात आला."

"मग?"

"मग काका हाका मारायला लागले."

यासुए म्हणाली, "जेवताना तरी जरा." मला नाही काका, नाही नदी. चिनात्सु मात्र हसली नाही. जेवायच्या काड्या वाडग्यावर आडव्या ठेवून तिनं विचारलं, "किती हाका लागल्या?"

३

उन्हाळ्याची सुट्टी लागली. कागोजू आता पोरांच्याच गळ्यात दिवसभर, म्हणजे कुझुमीबाईंची दांडी रिकामी. सुट्टीत रोज सकाळी पोरं मैदानात रेडिओच्या तालावर कवायत करतात. हजेरीच्या कार्डावर शिक्का मारायला कुझुमीबाई बसायच्या, आणि कवायतीपुरते तेवढे कागोजू त्यांच्या दांडीवर. मग ओबोन आला. पितरांचे दिवस, सगळे आपापल्या गावी थडगी धुवायला. कवायत बंद, निम्मी इमारत बंद. यासुए माहेरी गेली. चिनात्सु नाही म्हणाली, तिचे सामने होते. मी कारखान्यात दुसऱ्यांच्या पाळ्या उचलत होतो, घरी यायचो तो पालथा पडायला.

कुझुमीबाई दिसल्या नाहीत. जिन्यात बसलेल्या पोरांना विचारलं तर चिनात्सु म्हणाली, "कोचीला गेल्यात. बहिणीकडे." कोची म्हणजे समुद्रापलीकडच्या बेटावर. बरं म्हटलं.

त्या दुपारी मी आडवा झालो. बाहेर रातकिडे दिवसाढवळ्या कोकलत होते. आणि छतावरून आलं, पिप, पिप, पी.

मी सवयीनं सपातांची वाट पाहिली. नुसती शांतता.

डोक्यानं लगेच हिशेब लावला. एखादं खेळणं वर राहिलं असणार. मालकीण कोचीला, खेळणं भुकेलं. साधी गोष्ट. मी कुशीवर वळलो. पुन्हा आला आवाज, आणि माझे डोळे उघडले. काहीतरी बिघडलेलं होतं. मी पडल्या पडल्या ते सूर गुणगुणून पाहिले. पिप, पिप, पीऽ, वर. आणि हा? पिप, पिप, मग तिसरा खाली घसरत होता. घसरून विझत होता. बॅटरी उतरली की होतं तसं, मी स्वतःला समजावलं. बॅटरी संपत आली की आवाज बसतोच.

पुढच्या वेळी मी श्वास रोखून ऐकलं. तिसऱ्या सुराच्या शेवटी श्वास होता. बॅटरीला श्वास लागत नाही.

४

वर गेलो. जिन्याच्या शेवटच्या वळणावर पोरं बसलेली, गार फरशीवर ढुंगण टेकून, हातात बर्फाच्या गोड कांड्या. मधोमध चिनात्सु. तिच्या मांडीवर आमच्या स्वयंपाकघरातलं घड्याळ.

"थापाडे काका आले," छोटा कोहेई म्हणाला. दुसरीतला, पुढचे दात पडलेला. "नवीन गोष्ट सांगा."

"इथे काय चाललंय?"

"श्श. आता वाजेल."

दारामागून आले ते तीन सूर. पोरांनी घड्याळाकडे पाहिलं. कोणी हललं नाही. कोहेईच्या कांडीचं पाणी कोपरावरून थेंब थेंब पडत होतं. मग चिनात्सुनं मान हलवली आणि सगळ्यांनी एकदम श्वास सोडला, खेळात गुण मिळाल्यावर सोडतात तसा.

"चिनात्सु. काकू कुठे आहेत?"

"आत," ती म्हणाली. माझ्याशी खोटं बोलायची तिला कधी गरज वाटलेली नाही. "पडल्या. शेवटच्या कवायतीनंतर, आमचे कागोजू दांडीवरून काढताना. स्टूल सरकलं."

"पडल्या? मग तुम्ही काय केलंत?"

"आपापले घेतले."

"त्यांना उठता येत नाही," कोहेई म्हणाला. "आधी नावं घेऊन हाका मारायच्या. माझंपण घेतलं. कोणी ओ देत नाही म्हटल्यावर मग कागोजूसारखं करायला लागल्या. आम्ही हसून हसून लोळलो."

मी दाराकडे वळलो. कुलूप. चिनात्सुच्या गळ्यात कागोजूच्या दोऱ्यातच एक किल्ली होती. मी हात पुढे केला. तिनं दोरा डोक्यावरून काढला आणि मी काही म्हणायच्या आत दाराच्या टपालाच्या फटीतून किल्ली आत सारली. आत कुठेतरी टण्ण झालं.

"बाबा, रागवू नका. आम्ही काय दुष्ट आहोत का? कांड्या टाकतो ना फटीतून. नाहीतर मरतात." मग, एखादं गणित समजावावं तशा आवाजात म्हणाली, "एकच चूक राहिलीय. काळी आकृती येणार. तोकुनागाला आम्ही बोलावलंय बघायला."

मी गुडघ्यावर बसलो आणि टपालाच्या फटीची झडप उचलली. डास मारायच्या उदबत्तीचा शिळा वास. आत अंधुक. फरशीवर पोचे आलेलं स्टूल, बर्फाच्या कांड्यांच्या लाकडी काड्या, चाटून स्वच्छ केलेल्या, दाराकडे टोकं करून नीट रचलेल्या. त्या बाई तशाच होत्या, पसारा चालायचा नाही. दांडीवरून रिकामे दोरे लोंबत होते. एरवी दाराशी असायच्या त्या सपाता नव्हत्या.

मग फटीच्या अगदी खालून, माझ्या हनुवटीच्या खाली म्हणावं इतक्या जवळून, पिप, पिप, पी.

"बाबा," मागून चिनात्सु म्हणाली. आता तिचा आवाज घाबरलेला होता. "ओ देऊ नका. ही शेवटचीच."

"कुझुमीसान," मी म्हणालो. "मी ओरितो. ऐकतोय मी."

मग एक आवाज आला, ओला, हळू, अतिशय अदबीचा.

"तुम्हाला उगाच त्रास. काही घाई नाही हो. सवडीनं या."

५

मी धावत खाली गेलो. इमारतीच्या देखरेखीला असलेले मुरोई, दुसरी किल्ली त्यांच्याकडे, स्मशानात गेले होते, वडिलांच्या थडग्यावर पाणी घालायला. मी तिथे गेलो, त्यांना भिजलेल्या हातांनी गाडीत कोंबलं आणि परत आणलं. या सगळ्याला जेवढा वेळ लागायचा तेवढा लागला. जिन्यात एकही पोर नव्हतं. फक्त पायरीवर वितळलेल्या रंगाचे डाग.

मुरोईंनी दार उघडलं. दाराशी किल्ली होती, रचलेल्या काड्या होत्या. कुझुमीबाई नव्हत्या.

"गेल्या असतील खाली," मुरोई म्हणाले.

"उठता येत नसताना? कुलूप लावलेल्या दारातून, किल्ली आत पडलेली असताना?"

"तुमचं हे नेहमीचं नाही ना, ओरितोसान?"

मी आत शिरलो. गॅलरीचं दार आतून बंद. न्हाणीघर कोरडं. चटईवर कोणीतरी स्वतःला ओढत नेल्याचा पट्टा होता. स्वयंपाकघरातून दारापर्यंत, दारापासून परत, गुळगुळीत झालेला. एक नवा पट्टा गाद्यांच्या कपाटाकडे गेला होता. तिथे तो भिंतीला लागून वर चढला होता. वरपर्यंत. भिंतीच्या कागदावर धुळीची बोटं उमटली होती, एकाआड एक, शिडीसारखी.

मुरोईंनी कपाटाचं दार सरकवलं. खालचा कप्पा रिकामा. त्यांनी वर पाहिलं. मग त्यांनी जे केलं ते अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. कपडे बदलणाऱ्या बाईच्या खोलीत चुकून शिरलेला माणूस जसा करेल, तसं त्यांनी कंबरेत वाकून "माफ करा" म्हटलं आणि दार हलकेच सरकवून लावलं.

"रिकामं आहे," माझ्याकडे न बघता ते म्हणाले.

दार बंद होता होता मला एवढंच दिसलं. वरच्या कप्प्याच्या कडेवर दोन सपाता, शेजारी शेजारी, तळवे आमच्याकडे. त्या कोणीतरी घातलेल्या होत्या. टाचेच्या बाजूनं बोटं बाहेर आली होती आणि कप्प्याची कड धरून होती. हाताची बोटं.

खाली आल्यावर मुरोई पुष्कळ वेळ हात धूत राहिले. "कोचीला गेल्यात," शेवटी ते म्हणाले. "बहिणीकडे." मी हो म्हटलं. वसाहतीत एक बाई कोचीला जाणं सगळ्यांनाच सोयीचं असतं.

६

चिनात्सु माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी भात वाढताना बोलली.

"तुमच्यामुळे अर्धवट झालं."

"काय अर्धवट झालं?"

"तुम्ही ओ दिलीत. शेवटची चूक मोजलीच गेली नाही." तिनं भात वाडग्यात थापला. "काकू वाढल्या तर आहेत. पण स्वभाव जुनाच राहिला. तोकुनागाला दाखवलं आम्ही. काकू त्याच्या अंगावरही धावल्या नाहीत. तो किंचाळला ना, तर त्याला काय हवं ते बघायला गेल्या."

"आणि तो?"

"तो आता बाहेर येत नाही," ती म्हणाली. "पण त्याला जिंकणं म्हणत नाहीत."

रातकिडे अचानक थांबले की छतावर ऐकू यायचं. पट. मग मोठी फट. पट. पाऊल टाकणाऱ्याला आपल्याला किती पाय आहेत याची सवय व्हायची होती.

मी पाळी संपल्यावर पोलीस चौकीवर जाणार होतो, खरंच. सकाळी कारखान्यात पिठाचं पोतं उचलताना माझ्या कंबरेत काहीतरी कट्कन तुटलं. दोघांनी मला घरी आणून चटईवर निजवलं. "बायको कधी येणार?" "परवा." "मग लेक आहे ना," ते म्हणाले आणि गेले. चिनात्सुनं त्यांना दारापर्यंत सोडलं, वाकून आभार मानले. दाराला आतून साखळी लावली. फोन उचलून, वायर जेवढी जाते तेवढा, पलीकडच्या खोलीत नेऊन ठेवला.

तेव्हापासून मी असा पडून आहे.

"चिनात्सु. पाणी."

ती उंबऱ्यावर बसली आहे. मांडीवर स्वयंपाकघरातलं घड्याळ.

"चिनात्सु, ऐकतेस ना?"

ऐकते. दर वेळी घड्याळाकडे बघते, थांबते, मग मान हलवते. मघाशी तिनं चटईवरून एक बर्फाची कांडी माझ्याकडे सरकवली. माझा हात पोचेल अशी, जेमतेम.

"ती गोष्ट खोटी होती," मी तिला सांगितलं. "पाणकावळ्याची. मला काका नाहीत."

"माहितीये," ती म्हणाली, आणि प्रेमानं म्हणाली, म्हणून जास्त लागलं. "तुमच्या सगळ्याच गोष्टी खोट्या असतात, बाबा. पण तुम्ही मोठे झालात ना, की खूप मोठे व्हाल. काकू मुळातच मऊ होत्या. तुम्ही नाही."

मी तिला नावानं हाका मारल्या. लाडाच्या नावानं मारल्या, रागानं मारल्या. यासुएचं नाव घेऊन पाहिलं. उन्हं सरकून चटईच्या कडेला गेली. जीभ टाळूला चिकटली तसे शब्द येईनासे झाले. माणसाच्या तोंडातून कमीत कमी ताकदीत काय निघतं, ते मला आज कळलं. मी ठरवलं नव्हतं. ओठ आपोआप गोल झाले. पिप, पिप, आणि तिसरा सूर मी वर न्यायला गेलो, पण तो घसरला. खाली.

चिनात्सुनं घड्याळावरची नजर काढली. तिनं वर पाहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती दहा वर्षांची दिसत होती.

"बाबा, हे काय केलंत?"

वर पट झालं. फट फार लांबली नाही. पट, पट. मग गॅलरीच्या बाजूला काहीतरी कठड्यावरून खाली आलं आणि गॅलरीची जाळी हळूच सरकली.

"काकू," चिनात्सु छताकडे बघत कुजबुजली. "ओ देऊ नका. काकू, प्लीज, ओ देऊ नका."

पण त्या बाईंचे पाय उठतात, त्याला कोणी काय करायचं. मी सरळ वर बघत पडलो आहे, दुसरीकडे बघायला मान वळत नाही. इतकी वर्षं मी हा आवाज छताच्या पलीकडून ऐकला. पट पट पट. आता तो छताच्या अलीकडून येतो आहे.